नवे कन्सोल घरात येत असताना जुने प्लेस्टेशन २ जपावे का?

शहापूरकर, बेळगाव (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझ्या घरी २००८ सालच्या दिवाळीत घेतलेले प्लेस्टेशन २, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचे सोनी कंपनीचे यंत्र (कन्सोल), आहे. २००४ मध्ये निघालेल्या बारीक, वरून झाकण उघडणाऱ्या स्लिम प्रकारातले ते यंत्र आजही चालू आहे. यंदा गणपतीला पुण्याहून आमचे दादा येणार आहेत आणि येताना त्यांच्या मुलासाठी प्लेस्टेशन ५ आणणार आहेत. टीव्हीखालच्या कप्प्यात दोन्ही मावणार नाहीत, तेव्हा जुने भंगारवाल्याला देऊन जागा मोकळी करून ठेव, असे त्यांनी फोनवर सांगितले. मला त्यावर काही बोलता आले नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

हे यंत्र घेतले तेव्हा निम्मे पैसे दादांनी उद्यमबागेतल्या नोकरीच्या पहिल्या बोनसमधून घातले होते आणि उरलेले मी शिकवण्या घेऊन जमवले होते. त्याच आठवड्यात आम्ही ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर ६’ या फुटबॉलच्या खेळातली मास्टर लीग सुरू केली. ज्यांनी ती खेळली आहे त्यांना ठाऊक असेल की सुरुवातीला आपल्याला नावाजलेला एकही खेळाडू मिळत नाही. कास्टोलो, मिनांडा अशा कल्पित नावांचे साधेच खेळाडू हाती येतात आणि सामने जिंकून, गुण साठवून, एकेक चांगला माणूस विकत घेत संघ उभा करावा लागतो. खेळात लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या क्लबचे नाव घेण्याची परवानगी नव्हती, म्हणून तो संघ ‘मर्सीसाइड रेड’ या नावाने येत असे. आम्ही दोघे भाऊ आजही जेवताना त्या पहिल्या अकरा जणांची नावे क्रमाने सांगू शकतो. दादा नोकरीनिमित्त पुण्याला गेले, त्यांचे लग्न झाले, पण दर गणपतीत आरती आटोपल्यावर तीच लीग पुढे चालू होते. ती सगळी एका ८ एमबीच्या मेमरी कार्डात आहे.

केवळ आठवणींचा प्रश्न असता तर मी विचारले नसते. मे महिन्यात पुतण्या आला होता. तो दहा वर्षांचा आहे. बटण दाबल्यापासून सामन्याची नाणेफेक होईपर्यंत फारसा वेळ लागला नाही, तेव्हा त्याने विचारले, “काका, हे अपडेट का मागत नाही?” आमच्याकडे पावसाळ्यात इंटरनेट दोन-दोन दिवस गायब असते. अशा ठिकाणी जे यंत्र कोणाचीही परवानगी न मागता, खाते न उघडता, सीडी घातली की चालू होते, त्याची किंमत मला आजही मोठी वाटते.

अडचण अशी की जूनपासून ते कुरकुरते आहे. चंदेरी पाठीच्या सीडी चालतात, परंतु गडद निळ्या पाठीच्या सीडी घातल्या की बराच वेळ फिरवून शेवटी वाचता येत नाही असे सांगते. येथील एका दुरुस्तीवाल्याने लेन्सची पॉवर वाढवून देतो असे सांगितले, आणि त्याच दमात एवढ्या जुन्या वस्तूवर पैसे घालवू नका असाही सल्ला दिला. पॉवर वाढवून घ्यावी का? आणि दहा वर्षांच्या मुलासमोर नवे यंत्र असताना जुने शेजारी मांडून ठेवण्यात काही अर्थ आहे का, की तो केवळ माझा हट्ट ठरेल?

निपाणीचा कारागीर (उत्तर)

शहापूरकर, कृपा करून पॉवर वाढवून घेऊ नका. मी पंधरा वर्षे टीव्ही आणि गेमची दुरुस्ती करतो आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या निकामी लेन्सपैकी बऱ्याचशा अशाच पॉवर वाढवलेल्या असतात. लेन्सच्या पट्टीवर एक अगदी बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की लेसरला जास्त प्रवाह मिळतो, सीडी दोन-चार महिने झकास वाचली जाते आणि गिऱ्हाईक खूश होते. मात्र त्या जास्तीच्या प्रवाहाने लेसर लवकर झिजतो आणि मग तो स्क्रू कितीही फिरवला तरी उपयोग होत नाही.

आपण जे लक्षण लिहिले आहे त्यातच निदान दडलेले आहे. प्लेस्टेशन २ चे निळ्या पाठीचे खेळ साध्या सीडीवर असतात आणि चंदेरी पाठीचे डीव्हीडीवर असतात. दोन्हींसाठी वेगवेगळा प्रकाश लागतो. सीडीला ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश लागतो, तर डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश लागतो. वरून लेन्स एकच दिसते, पण आत त्या दोन प्रकाशांची सोय वेगवेगळी असते. चंदेरी चालतात आणि निळ्या चालत नाहीत, याचा अर्थ मोटर, पट्टी आणि मुख्य बोर्ड ठीक आहेत. एक तर सीडीचा लेसर दमला आहे, किंवा लेन्सवर मळ बसल्यामुळे आधीच अशक्त असलेला तो लेसर कमी पडतो आहे. दुसरी शक्यता अधिक असते, कारण स्लिमचे झाकण वरून उघडते आणि घरातली धूळ थेट लेन्सवर येऊन पडते.

आधी हे करून पाहा. यंत्राची वायर काढून ठेवा. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आयपीए नावाने जे अल्कोहोल मिळते ते घ्या. कापसाच्या काडीचे टोक त्यात बुडवून निथळू द्या, म्हणजे थेंब पडणार नाही, आणि मधोमध असलेल्या त्या हरभऱ्याच्या डाळीएवढ्या भिंगावरून अगदी हलक्या हाताने एकदाच गोल फिरवा. भिंग तारांवर तरंगत असते, त्यामुळे दाबले तर ते कायमचे कलते. नंतर कोरड्या काडीने टिपून घ्या आणि दहा मिनिटे झाकण उघडे ठेवा. फुंकर मारू नका, कारण तोंडातली वाफ त्याच भिंगावर बसते. एवढे करूनही निळी सीडी चालली नाही तर संपूर्ण लेन्स बदलावी. नवा सुटा भाग अजून मिळतो. हे यंत्र जगभर १५ कोटींहून अधिक विकले गेले आणि २०१३ च्या सुरुवातीपर्यंत त्याचे उत्पादन चालू होते, म्हणून त्याचे भाग इतर जुन्या यंत्रांच्या मानाने सहज सापडतात.

एक गोष्ट आपण विचारली नाही, तरीही सांगतो. आपल्या साठ्यात बाजारातून घेतलेल्या कॉपी सीडी किती आहेत? त्या काळी आपल्या भागात कॉपी सीडी चालाव्यात म्हणून चिप बसवलेली यंत्रे आणि घरगुती रीतीने लिहिलेल्या डीव्हीडी सर्रास मिळत असत. अशा डीव्हीडीवर कारखान्यात ठसा उमटवलेला नसतो, तर रंगद्रव्याच्या थरावर लेसरने जाळून लिहिलेले असते. तिच्यावरून प्रकाश कमी परततो आणि लेन्सला जास्त कष्ट पडतात. शिवाय तो रंग वर्षांगणिक फिका होत जातो. मूळ सीडी असतील तर त्याच वापरा.

आणि आपले मेमरी कार्ड आजच्या आज दुसऱ्या कार्डावर उतरवून घ्या. कोणतीही सीडी न घालता यंत्र सुरू केले की ब्राउझर नावाचा यंत्राचाच पडदा येतो, त्यात दोन्ही कार्डे दिसतात आणि एकावरची नोंद दुसऱ्यावर नेता येते. जास्त क्षमतेच्या स्वस्त नकली कार्डांवर विसंबू नका. सतरा-अठरा वर्षांची लीग एकाच कार्डात ठेवणे मला लेन्सच्या दुखण्यापेक्षा अधिक काळजीचे वाटते.

टिळकवाडीकर (उत्तर)

मी वेगळे मत मांडतो. माझ्याकडेही हेच यंत्र होते आणि प्लेस्टेशन ३ घेतल्यावर मी ते देऊन टाकले. त्याची खंत मला वाटत नाही. पुतण्याला त्याच्या वर्गातल्या मुलांबरोबर खेळायचे असते, ती पुण्यात बसलेली असतात, आणि तो संवाद केवळ नव्या यंत्रावरच होऊ शकतो. आपण त्याला कास्टोलोची गोष्ट सांगाल तेव्हा तो प्रेमाने ऐकेल, पण ती त्याची गोष्ट नाही. तो त्याचा स्वतःचा संघ नव्या यंत्रावर उभा करील.

मात्र नव्याकडून एक अपेक्षा ठेवू नका. प्लेस्टेशन २ च्या सीडी प्लेस्टेशन ५ मध्ये चालत नाहीत, प्लेस्टेशन ४ मध्येही चालत नव्हत्या. प्लेस्टेशन ३ च्या अगदी सुरुवातीच्या काही प्रकारांत जुन्या यंत्राचे भाग बसवलेले होते, पुढे ते काढून टाकले गेले. तेव्हा जुने भंगारात दिले तर ती लीगही गेली, हे दादांना स्पष्ट सांगा. त्यांना हे बहुधा ठाऊक नसावे. खर्चाचेही बोलून घ्या. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आले आणि त्याच्या एकेका नव्या मोठ्या खेळाला ४,९९९ रुपयेही मोजावे लागतात. जुन्याच्या दुरुस्तीचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे, म्हणून नवे घेऊनही जुने ठेवायला माझी हरकत नाही. माझी हरकत आहे ती मुलाला दोन्हींपैकी एकाची बाजू घ्यायला लावण्याला.

खानापूरहून (उत्तर)

टिळकवाडीकरांचे पहिले म्हणणे मला मान्य आहे, परंतु नव्या खेळांच्या मालकीविषयी त्यांनी काहीच लिहिले नाही. निन्टेन्डो या गेम कंपनीने वी यू आणि थ्री-डीएस या आपल्या यंत्रांसाठीची ऑनलाइन खरेदीची दुकाने २७ मार्च २०२३ रोजी बंद केली. ‘द क्रू’ नावाचा मोटारींचा खेळ २०१४ मध्ये आला होता. तो इंटरनेटवरून सतत कंपनीच्या सर्व्हरला जोडलेला असावा लागे, आणि ३१ मार्च २०२४ रोजी ते सर्व्हर बंद होताच पैसे देऊन घेतलेली सीडी हातात असूनही खेळ चालेनासा झाला. सोनीने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ चे ऑनलाइन दुकान बंद करण्याची घोषणा केली होती आणि लोकांनी ओरड केल्यावर महिन्याभरात ती मागे घेतली. शहापूरकरांचे यंत्र या सगळ्या निर्णयांपलीकडे आहे. त्यांच्या लीगला कोणी कुलूप लावू शकत नाही, आणि जुन्याशी इमान राखण्याचे मला तरी हेच सर्वांत भक्कम कारण वाटते.

पावसाविषयी दोन शब्द. आमच्या तालुक्यात जून ते सप्टेंबर भिंतींना ओल सुटते, त्यामुळे मी यंत्र माळ्यावर ठेवत नाही. लोखंडी कपाटात, कोरड्या सुती कापडात गुंडाळून, शेजारी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत मुळीच बांधू नये, आतली दमट हवा तिथेच कोंडते. आणि पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास चालवावे, म्हणजे आतल्या ऊबेने ओल निघून जाते.

शहापूरकर, बेळगाव

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री कारागीरांनी सांगितल्याप्रमाणे लेन्स पुसली. काडीच्या टोकावर पिवळसर-करडा मळ आला, तो पाहून मला वाईट वाटले, कारण इतक्या वर्षांत मी बाहेरचा डबा नियमाने पुसत आलो आणि झाकणाखाली कधी पाहिलेच नाही. दहा मिनिटे थांबून निळी सीडी घातली. पहिल्या खेपेला ती वाचली गेली नाही. दुसऱ्यांदा आतून हलकी टकटक झाली, मग फिरण्याचा आवाज एकसारखा झाला आणि खेळ सुरू झाला. आज सकाळी तीन निळ्या सीडी लावून पाहिल्या, त्यांपैकी दोन चालल्या. म्हणजे मळ होताच आणि लेसरही थोडा थकलेला आहे, असे मी समजतो. कॉपी सीडी सात निघाल्या, त्या बाजूला ठेवल्या आहेत.

टिळकवाडीकर, आपले म्हणणे मी दादांना जसेच्या तसे कळवले. सीडी नव्यात चालत नाहीत हे त्यांना खरोखरच माहीत नव्हते. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मिनांडा अजून आहे का रे संघात?” मी म्हटले, आहे, पण वय झाल्यामुळे राखीव खेळाडूंत बसवला आहे. भंगाराचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. टीव्हीखाली नवे राहील आणि जुन्यासाठी मी दिवाणखान्यातल्या कोपऱ्यात आमचा जुना काचेचा टीव्ही मांडणार आहे. नव्या सपाट टीव्हीवर जुने चित्र मोठे करताना थोडा उशीर लागतो, त्यामुळे पास देण्याचे बटण दाबल्यावर चेंडू क्षणभर मागाहून सुटतो, हे मला गेल्या वर्षीच जाणवले होते. जुन्या टीव्हीवर तसे होत नाही. मुलावर कसलीही सक्ती नसेल. त्याने नवे सोडून इकडे यावे असेही मी म्हणणार नाही. खेळायचे दोन्ही रिमोट मात्र जोडलेले ठेवीन.

कारागीरदादा, लेन्स बदलून घ्यायचे ठरवले आहे. येत्या रविवारी सकाळी निपाणीला येतो. बरोबर मेमरी कार्ड आणि ८.५ व्होल्टचा मूळ अडॅप्टरही आणतो, कारण त्याच्या वायरीला पिनेपाशी चीर गेली आहे आणि त्या जागी दुसरा कोणताही अडॅप्टर लावण्याचे धाडस मी केलेले नाही. दुसरे ८ एमबीचे खरे कार्ड आपल्याकडे असेल तर माझ्यासाठी बाजूला काढून ठेवावे.