विल्यम गुड: दगा देणारा नवरा की नाडलेला शेतकरी?

रानपाखरू:
आजच्या अमेरिकेतल्या सेलमच्या १६९२ सालच्या चेटूक-खटल्यांबद्दल बोलताना सगळे न्यायाधीशांना दोष देतात. मला चीड येते ती विल्यम गुडची. १ मार्चला मॅजिस्ट्रेट हॅथॉर्नसमोर त्याची बायको सारा उभी होती आणि हा म्हणाला, ती चेटकीण आहे किंवा लवकरच होईल अशी भीती वाटते. तू काय पाहिलंस, असं विचारल्यावर सांगण्यासारखं काहीच नव्हतं. माझ्याशी वाईट वागते, एवढंच. १९ जुलैला साराला फाशी झाली. माझ्या लेखी याला माफी नाही.

बांधावरचा:
जरा त्याच्या परिस्थितीकडे बघा. साराचा पहिला नवरा कर्ज मागे ठेवून वारला, ते विल्यमच्या बोकांडी बसलं आणि त्यात जमीन गेली. मग मिळेल तिथे मजुरी, कुणी आसरा देईल तिथे रात्र, नाहीतर दारोदार मागणं. असा माणूस सरकारपुढे काय बोलणार? तिथलाच जॉन प्रॉक्टर तर खाऊनपिऊन सुखी होता. तो आरोप झालेल्या बायकोच्या बाजूने उभा राहिला, तर १९ ऑगस्टला त्यालाच फासावर चढवलं.

रानपाखरू:
गप्प तर बसता आलं असतं! रिबेका नर्सवरही चेटकाचा आरोप होता; तिच्या घरच्यांनी तिच्या बाजूच्या अर्जावर ३९ शेजाऱ्यांच्या सह्या मिळवल्या. ती वाचली नाही, पण निदान घरातून तिच्यावर घाव पडला नाही.

बांधावरचा:
नर्स कुटुंब ३०० एकर कसत होतं, गावात त्यांचा शब्द चालायचा. विल्यमसाठी कुणी सही केली असती?

तिसरा प्रहर:
तुम्ही दोघं नवऱ्यावरच भांडताय. त्यांची मुलगी डॉरथी चार-पाच वर्षांची होती. तिलाही चेटकीण ठरवून सात-आठ महिने साखळदंडात ठेवलं. साराचं तान्हं बाळ तुरुंगातच दगावलं. विल्यमने १७१० मध्ये भरपाईसाठी अर्ज केला, त्यात लिहिलंय की त्या दहशतीने पोरीचं भान कायमचं हरपलं, तिला सांभाळण्याचा खर्च झेपत नाही. त्याला ३० पौंड मिळाले. मला तरी त्या अर्जात पोळलेला बाप दिसतो.

बांधावरचा:
हेच म्हणतोय मी. अठरा वर्षं त्या लेकीचं ओझं त्याच्यावर होतं.

रानपाखरू:
डॉरथीसाठी जीव तुटतो, खरंच. पण तो अर्ज मीही वाचलाय. बायको गेली, बाळ गेलं, मुलगी वाया गेली, सगळं त्यात आहे. १ मार्चला आपण स्वतः काय बोललो, त्याबद्दल एक ओळ नाही.