पुनरागमन, परतणे आणि उजळ माथा : टायगर वुड्सच्या निमित्ताने शब्दचर्चा

प्रश्न

अमेरिकी गोल्फपटू टायगर वुड्स एप्रिल २०१० मध्ये ऑगस्टा येथील मास्टर्स या गोल्फ स्पर्धेत पुन्हा खेळू लागला, त्याविषयीचा मजकूर तपासताना ‘पुनरागमन’ हा शब्द मला खटकला. दुखापत बरी होऊन संघात आलेला गोलंदाज, पहिला सेट गमावून सामना जिंकणारी टेनिसपटू आणि वैवाहिक आयुष्यातील गैरवर्तन चव्हाट्यावर आल्यावर पाच महिने स्पर्धांपासून दूर राहिलेला खेळाडू, या तिघांनाही आपण हाच एक शब्द लावतो. तिसऱ्या प्रसंगासाठी वेगळा शब्द वापरावा का? शिवाय मूळ घटनेला ‘प्रकरण’ म्हणावे, ‘भानगड’ म्हणावे की आणखी काही? जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर

आपल्याला जे खटकले ते रास्त आहे. ‘पुनः’ आणि ‘आगमन’ यांच्या संधीतून बनलेल्या या शब्दाचा अर्थ ‘पुन्हा येणे’ एवढाच असला, तरी मराठी माणसाच्या कानावर तो पहिल्यांदा पडतो तो बहुधा गणपतीच्या उत्तरपूजेत. ‘इष्टकामप्रसिद्ध्यर्थं पुनरागमनाय च’ असे म्हणत मूर्तीवर अक्षता वाहिल्या जातात, मूर्तीच्या हातावर दही ठेवले जाते आणि मग ती जागेवरून किंचित सरकवली जाते. जाणारा मानाने निघालेला असतो, त्याने पुन्हा यावे अशी घरातल्या प्रत्येकाची इच्छा असते, आणि हीच इच्छा या शब्दातून व्यक्त होते. त्यामुळे ‘पुनरागमन’ या शब्दात येणाऱ्याबरोबर वाट पाहणारेही गृहीत धरलेले असतात. ‘वुड्सचे पुनरागमन’ असे लिहिणारा त्याच्या येण्याची बातमी देतो आणि त्याचबरोबर, कदाचित नकळत, त्याचे स्वागतही करून टाकतो.

दुखापतीतून उठलेल्या खेळाडूला हा शब्द शोभतो, कारण त्याच्या जाण्यात त्याचा दोष नसतो. पिछाडीवरून जिंकणाऱ्या संघासाठी त्याचा वापर इंग्रजीच्या वळणाने रुळला आहे. तिथे ‘मुसंडी मारली’ किंवा ‘सामना फिरवला’ हे आपले शब्द अधिक जिवंत वाटतात, पण त्या वापराने कोणाचे नुकसान होत नाही. आपण विचारलेल्या तिसऱ्या प्रसंगात मात्र नुकसान होते. तिथे ‘परतणे’ हे साधे क्रियापद मला अधिक प्रामाणिक वाटते. ‘परतणे’ कोणाचीही बाजू घेत नाही. जिंकलेले सैन्य परतते तसे हरलेलेही परतते, आणि परत येणाऱ्याच्या गळ्यात हार पडेल की त्याच्याकडे पाठ फिरवली जाईल, हे त्या क्रियापदातून ठरत नाही.

आता मूळ घटनेच्या नावाकडे वळू. १५ नोव्हेंबर २००९ रोजी वुड्सने मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियन मास्टर्स जिंकली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २७ नोव्हेंबरच्या पहाटे, फ्लोरिडातील घराबाहेर त्याची गाडी अग्निशमनाच्या नळावर आणि झाडावर आदळली, आणि त्या अपघाताच्या मागोमाग त्याच्या विवाहबाह्य संबंधांचा बोभाटा झाला. तोवर त्याची प्रतिमा धुतल्या तांदळासारखी होती आणि अनेक कंपन्यांनी ती जाहिरातींत वापरली होती. त्यांपैकी ॲक्सेंचर आणि एटी अँड टी यांनी काही आठवड्यांतच त्याची साथ सोडली, तर नायकी त्याच्याबरोबर राहिली.

या घटनेला ‘भानगड’ म्हणणे मला पटत नाही, आणि ‘लफडे’ तर मुळीच नाही. दोन्ही शब्दांना कुजबुजीची चव आहे. त्याहून गंभीर आक्षेप असा की ‘भानगड’ म्हटले की डोळ्यांपुढे येतात ते त्या भानगडीत गुंतलेले लोक. ज्या व्यक्तीचा विश्वास मोडला, ती वाक्यात कुठेच दिसत नाही. ‘विवाहबाह्य संबंध’ ही वृत्तपत्रांची रुळलेली शब्दयोजना नेमकी आहे आणि बातमीत ती चालेल, पण तीही संबंधांचेच वर्णन करते. ‘व्यभिचार’ हा शब्द न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, नियमापासून ढळणे या अर्थाने येतो आणि गीतेतल्या ‘अव्यभिचारिणी’ भक्तीतही त्याच अर्थाने उलटा होऊन बसला आहे. आजच्या मराठीत मात्र त्याच्यामागे फौजदारी कायद्याची सावली आहे. भारतीय दंड संहितेतील कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द ठरवले असले, तरी ती सावली अद्याप पुरती गेलेली नाही, आणि वुड्सवर या बाबतीत कोणताही खटला नव्हता.

माझी पसंती ‘प्रतारणा’ या शब्दाला आहे. या शब्दाला षष्ठीची अपेक्षा असते: कोणाची प्रतारणा? ‘पत्नीची प्रतारणा’ म्हणताच जिच्यावर अन्याय झाला ती व्यक्ती वाक्यात येऊन उभी राहते. ‘प्रकरण’ हा शब्द आरोप सिद्ध होईपर्यंत सोयीचा असतो, कारण तो निवाडा करत नाही. कचेरीतल्या कागदांच्या गठ्ठ्यालाही आपण प्रकरणच म्हणतो. पण ज्याने स्वतः कबुली दिली आहे, त्याच्या कृत्यावर ‘प्रकरण’ या शब्दाचे पांघरूण घालण्याचे कारण उरत नाही.

शब्दचर्चेच्या दृष्टीने ती कबुलीच फार बोलकी आहे, कारण ती तीन पायऱ्यांनी आली. २ डिसेंबर २००९ च्या निवेदनात वुड्सने जो मोघम शब्द वापरला होता, त्याला मराठीत ‘आगळीक’ हा सर्वांत जवळचा प्रतिशब्द ठरावा. ११ डिसेंबरला त्याने खेळातून बेमुदत विश्रांती जाहीर केली, तेव्हा आपण एकनिष्ठ राहिलो नाही हे मान्य केले. आणि १९ फेब्रुवारी २०१० रोजी फ्लोरिडात व्यावसायिक गोल्फ स्पर्धा भरवणाऱ्या पीजीए टूर या संस्थेच्या मुख्यालयात, आईला आणि निवडक परिचितांना समोर बसवून, प्रश्न न घेता केलेल्या सुमारे तेरा मिनिटांच्या दूरचित्रवाणी निवेदनात त्याने मी एकनिष्ठ नव्हतो, माझे इतरत्र संबंध होते, मी फसवले, अशा आशयाची तीन छोटी वाक्ये उच्चारली. आगळिकीपासून फसवणुकीपर्यंतचा हा प्रवास ज्याला मराठीत आणायचा असेल, त्याने तिन्ही ठिकाणी ‘चूक’ लिहून चालणार नाही, कारण त्याच्या बोलण्यातला खरा फरक नेमका तिथेच पुसला जाईल.

याच निवेदनाच्या संदर्भात ‘दिलगिरी’, ‘माफी’ आणि ‘क्षमा’ हे शब्दही एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि तेही मला योग्य वाटत नाही. दिलगिरी ‘व्यक्त’ केली जाते, त्यासाठी समोर कोणी असण्याची गरज नसते. परिपत्रकातही ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असे आपण वाचतो. माफी ‘मागितली’ जाते, म्हणजे देणारा लागतो. क्षमा ‘केली’ जाते आणि तिचा कर्ता अपराध्याहून वेगळा असतो. वुड्सने त्या दिवशी सर्वांची माफी मागितली, परंतु पत्नीविषयी बोलताना त्याने तिचेच म्हणणे सांगितले: तिच्याकडे मागितलेली खरी माफी शब्दांतून येणार नाही, ती काळाच्या ओघात त्याच्या वागण्यातून यावी लागेल. मला त्या निवेदनातले हे सर्वांत वजनदार वाक्य वाटते, आणि ते त्याचे नव्हे, तिचे आहे. त्यामुळे ‘वुड्सला क्षमा’ अशा धाटणीचा मथळा कोणी दिला, तर क्षमा कोणी केली, हा प्रश्न संपादकाने विचारायलाच हवा. (दोघांचा घटस्फोट ऑगस्ट २०१० मध्ये झाला.)

मधल्या काळाला ‘अज्ञातवास’ म्हणण्याचा मोह होतो, पण अज्ञातवासात माणूस लोकांत वावरतो आणि ओळख लपवतो. पांडव विराटाच्या दरबारात रोज सर्वांसमोर होते. वुड्सचे उलट होते: चेहरा जगाला ठाऊक आणि माणूस दिसत नाही. डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत ४५ दिवस तो निवासी उपचार घेत होता, असे त्यानेच सांगितले. याला ‘विजनवास’ म्हणता येईल. ‘बंदी’ किंवा ‘निलंबन’ हे शब्द तर सपशेल चुकीचे ठरतील, कारण त्याला कोणी रोखले नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथला मार्च २०१८ च्या केपटाऊन कसोटीतील चेंडू कुरतडण्याच्या घटनेबद्दल बारा महिन्यांची बंदी भोगावी लागली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये एजबॅस्टनला प्रेक्षकांच्या हुर्यो झेलत त्याने १४४ आणि १४२ धावा केल्या. तिथे ‘शिक्षा भोगून परतला’ असे म्हणता येते. वुड्सच्या बाबतीत जाण्याची आणि येण्याची, दोन्ही तारखा त्याच्या स्वतःच्या होत्या.

राहता राहिले ऑगस्टा. मास्टर्स भरवणारा तिथला क्लब नियमांच्या बाबतीत कमालीचा काटेकोर आहे. आवारात प्रेक्षकांना मोबाइल नेता येत नाही, आणि क्लब त्यांना प्रेक्षक न म्हणता आश्रयदाते म्हणतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी, ७ एप्रिलला, क्लबचे अध्यक्ष बिली पेन यांनी वुड्सने आपल्या सर्वांची, आणि विशेषतः मुलानातवंडांची निराशा केली, अशा शब्दांत त्याचे जाहीरपणे कान उपटले. दुसऱ्या दिवशी पहिल्या फटक्यासाठी तो उभा राहिला तेव्हा भोवतीच्या गर्दीने टाळ्या वाजवल्या, आणि वर आकाशात, जिथे क्लबचे नियम पोहोचत नाहीत तिथे, त्याने निवेदनात केलेल्या बौद्ध धर्माच्या उल्लेखाची खिल्ली उडवणारा फलक घेऊन एक विमान घिरट्या घालत होते. त्या दिवशी त्याने ६८ फटक्यांत फेरी पूर्ण केली (गोल्फमध्ये फटके जितके कमी तितके चांगले). मास्टर्समधील ही त्याची तोवरची सर्वोत्तम पहिली फेरी होती. अखेरीस तो संयुक्त चौथा आला आणि फिल मिकल्सन जिंकला.

या दिवसाचे वर्णन करताना ‘उजळ माथ्याने परतला’ असे लिहिता येईल का? माझ्या मते नाही. उजळ माथा म्हणजे ज्याला कोणापासून तोंड लपवावे लागत नाही तो माथा, आणि तो गुणफलकाने उजळत नाही. ‘टीकेला सामोरा गेला’, ‘लोकांच्या नजरा झेलत खेळला’ हे म्हणता येईल, आणि ते त्याच्या धैर्याला न्याय देणारेही होईल. पाच महिने स्पर्धेत न उतरता, डोक्यावर तो फलक फिरत असताना, ६८ फटक्यांची फेरी खेळणे ही गोल्फमधली थोर गोष्ट आहे. तिला गोल्फमधल्या शब्दांनीच दाद द्यावी.

शंका

आपले विवेचन पटले. परंतु २०१९ साली वुड्सने पुन्हा मास्टर्स जिंकली, तेव्हा तरी ‘पुनरागमन’ म्हणण्यास हरकत नसावी. त्या लेखासाठी ‘झाले गेले गंगेला मिळाले’ असे शीर्षक देण्याचा माझा विचार आहे. ते कसे वाटते?

उत्तर

पहिल्या भागाशी मी पूर्णपणे सहमत आहे. २०१० आणि २०१९ या दोन वेगळ्या कहाण्या आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्यामुळेच शब्दांचा गोंधळ होतो. सलग २८१ आठवडे जपलेले जागतिक क्रमवारीतील पहिले स्थान वुड्सने ऑक्टोबर २०१० अखेर गमावले, मार्च २०१३ मध्ये ते परत मिळवले, आणि नंतर पाठीच्या दुखण्याने त्याला पुरते जेरीस आणले. एप्रिल २०१७ मध्ये पाठीच्या मणक्यांवर चौथी शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेर तो क्रमवारीत १,१९९ व्या स्थानावर होता. तिथून सप्टेंबर २०१८ मध्ये अटलांटाची टूर चॅम्पियनशिप आणि १४ एप्रिल २०१९ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, एका फटक्याच्या फरकाने मास्टर्स विजेत्याला मिळणारे हिरवे जाकीट पाचव्यांदा: हे मोडलेल्या शरीराने पुन्हा उभे राहणे होते, लोक त्याची वाट पाहत होते, आणि इथे ‘पुनरागमन’ हा शब्द त्याच्या सर्व छटांसह बसतो.

शीर्षकाला मात्र माझा विरोध आहे. ‘झाले गेले गंगेला मिळाले’ हे उदार वाक्य आहे आणि ते म्हणण्याचा अधिकार ज्याचे नुकसान झाले त्याचा आहे. भावाने भावाला, सासूने सुनेला, फसवल्या गेलेल्या मित्राने मित्राला हे म्हणावे. फसवणाऱ्याने ते म्हटले तर आगाऊपणा होतो, आणि बातमीदाराने म्हटले तर दुसऱ्याच्या खिशातून दान केल्यासारखे होते. २०१३ साली वुड्स पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेला, तेव्हा नायकीने जिंकले की सारे काही मार्गी लागते, अशा आशयाचे वाक्य त्याच्या छायाचित्रासह प्रसिद्ध केले आणि त्यावर मोठी टीका झाली. ते वाक्य तो स्वतः क्रमवारीविषयी पूर्वीपासून बोलत असे आणि त्या संदर्भात ते ठीकही होते; त्याच्या आयुष्याशेजारी ते ठेवले गेले तेव्हा त्याचा अर्थ बदलला. आपल्या शीर्षकाचेही तेच होईल. ‘डाग पुसला’, ‘कलंक धुऊन निघाला’ हे मथळेही त्याच कारणासाठी टाळावेत.

‘जवळपास अकरा वर्षांनी वुड्सला पुन्हा मोठे अजिंक्यपद’ हे शीर्षक आपण विचारात घ्यावे; जून २००८ मधील अमेरिकन ओपननंतरचे हे त्याचे पहिले मोठे, म्हणजे गोल्फच्या चार प्रमुख स्पर्धांपैकी एकाचे, विजेतेपद होते, त्यामुळे ते वस्तुस्थितीला धरून आहे. लेखात ‘पुनरागमन’ वापरणारच असाल तर ‘पुनरागमन केले’ असे न लिहिता ‘पुनरागमन झाले’ असे लिहावे, ही एक विनंती. पाहुण्यांचे आगमन होते, पावसाचे आगमन होते. पाहुण्यांनी आगमन केले असे आपण म्हणत नाही, आणि क्रीडापानांवर ‘केले’ कितीही रुळले असले तरी ‘आगमन’ शब्दाचा हा स्वभाव आधी ‘पुनः’ लागल्याने बदलत नाही.