संग्रहातील ट्रायलोबाइट कसे ओळखावेत?

प्रश्न (फोंडा)
माझे मामा मालवाहू बोटींवर नोकरीला होते. परदेशांतील बंदरांवर घेतलेले काही जीवाश्म त्यांनी माझ्याकडे सोपवले आहेत. ते ट्रायलोबाइट, म्हणजे खंडयुक्त कवचाचे लुप्त समुद्री प्राणी असावेत, परंतु एकाही नमुन्यासोबत चिठ्ठी नाही. पहिला नमुना काळा, लंबगोल, खडकातून सुटलेला आणि जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा असून त्याच्या धडावर 13 खंड मोजता येतात. दुसरा अंग मुडपून गुंडाळलेला आहे आणि त्याचे डोळे मोठे व दाणेदार आहेत. तिसरा मोरोक्कोचा, तळहाताएवढा, तपकिरी दगडात बसलेला आहे. चौथा दगड मात्र गोव्यातल्याच सांग्याकडील एका खाणीजवळ मिळाला असून त्यावर समांतर रेषा आहेत. यांची नावे कशी ठरवावीत?

उत्तर 1
पहिल्या नमुन्याचे वर्णन एलराथिया किंगी या जातीशी चांगले जुळते. अमेरिकेतील युटा राज्यातल्या व्हीलर शेल या खडकथरात ही जात विपुल सापडते, तिचे वय सुमारे 50 कोटी वर्षे आहे आणि तिच्या कवचाखाली कॅल्साइट या चुनायुक्त खनिजाचा जाड थर साचलेला असल्यामुळे ती खडकापासून अखंड सुटी होते. डोक्याच्या दोन्ही कडांचे गालाचे तुकडे आहेत का, हे अवश्य पाहावे. ते नसतील तर आपल्या हाती बहुधा प्राण्याने टाकलेली कात आहे. ट्रायलोबाइट वाढताना कवच टाकत असत आणि त्या वेळी डोक्यावरील शिवणी उकलून हे तुकडे वेगळे होत.

दुसऱ्याच्या डोळ्यांतील दाणे म्हणजे प्रत्येकी स्वतंत्र भिंग. अशी सुटी, मोठी भिंगे फॅकोप्स नावाच्या ट्रायलोबाइटांच्या गटाचे लक्षण आहेत. धडाचे खंड 11 भरले तर गटाविषयी शंका उरणार नाही, पण तेवढ्यावरून जातीचे नाव लिहू नये. पूर्वी फॅकोप्स म्हटल्या जाणाऱ्या अनेक जाती आता वेगळ्या प्रजातींत गणल्या जातात आणि मूळ ठिकाण कळल्याशिवाय त्यांतली नेमकी कोणती, हे सांगता येत नाही. म्हणून मामांना तो कोणत्या बंदरावर घेतला, हे आजच विचारून ठेवावे.

उत्तर 2
चौथा दगड ट्रायलोबाइट असण्याची शक्यता मी नाकारतो. सर्वांत जुने ट्रायलोबाइट सुमारे 52 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, तर सांग्याच्या खाणपट्ट्यातील खडक त्याहून कितीतरी प्राचीन आहेत. आपल्याकडील पट्टेदार हेमॅटाइट क्वार्ट्झाइट या खडकामध्ये लोह व सिलिका यांचे पट्टे आलटून पालटून येतात आणि ते वळ्या पडून वाकले की खंडांसारखे भासतात. ट्रायलोबाइटच्या पाठीवर मात्र दोन लांबट खाचा असतात व त्यांमुळे शरीराचे उभे तीन भाग पडतात. या दगडावर तसे काही दिसते का? भारतातील ट्रायलोबाइट पाहायचेच असतील तर हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या कँब्रियन या प्राचीन कालखंडातील खडकांकडे वळावे लागेल.

प्रश्नकर्ता
खाचा नाहीत; रेषा दगडाच्या आरपार गेल्या आहेत. तिसऱ्या नमुन्याचे डोळे भिंगाखाली गुळगुळीत दिसतात आणि दगडाच्या मागच्या बाजूला बारीक, गोल छिद्रे आहेत.

उत्तर 1
तिसरा नमुना नकली असावा; गोल छिद्रे म्हणजे बहुधा साच्यात रेझिन (कृत्रिम राळ) ओतताना अडकलेले हवेचे बुडबुडे. मोरोक्कोच्या खऱ्या नमुन्यात खडक फोडताना पडलेली आणि गोंदाने सांधलेली चीर बऱ्याचदा प्राण्याच्या अंगावरूनही गेलेली दिसते, ती शोधावी. मागच्या बाजूला एका कोपऱ्यात ॲसिटोनचा कापूस दाबून धरावा. रंग उतरला किंवा पृष्ठभाग चिकट झाला, तर तो भाग कृत्रिम समजावा. खऱ्या जीवाश्मालाही लांबी (पुट्टी) भरून नकली शेपटी जोडलेली असू शकते, म्हणून एकाच जागेवरून निष्कर्ष काढू नये. ॲसिटोन जीवाश्मावर मात्र लावू नये, कारण त्यात जोडकामाचा गोंद विरघळतो. व्हिनेगर तर कुठेच नको, त्याने कॅल्साइटचे कवच झिजते.

उत्तर 3
गोव्याच्या पावसाळ्यात कागदी चिठ्ठ्यांना बुरशी लागते. प्रत्येक नमुन्याच्या तळाशी पांढऱ्या रंगाचा लहान ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने क्रमांक लिहावा आणि त्याच क्रमांकापुढे ठिकाण, खडक व मामांनी सांगितलेला तपशील वहीत नोंदवावा. तिसरा नमुना प्रतिकृती ठरला तरी तशी स्पष्ट नोंद करून तो ठेवावा. डोके, धड व शेपटी मुलांना दाखवण्यास तो चांगला उपयोगी पडेल.