पीएस५ डिजिटल आणि खोकंभर डिस्क: विकू, ठेवू की आणखी एक कन्सोल घेऊ?

नमस्कार मंडळी,

सरळ मुद्द्यावर येतो. माझ्याकडे २०२० सालचा पहिला पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ गेमिंग कन्सोल) आहे, डिजिटल एडिशनवाला, म्हणजे डिस्क ड्राइव्ह नसलेला. शिवाय त्याच्या आधीच्या पीएस४ च्या डिस्कांनी भरलेलं अख्खं खोकं आहे. दोघांचा एकमेकांना काडीचा उपयोग नाही. घेताना हिशोब साधा होता: ड्राइव्ह सोडला तर आतून दोन्ही मॉडेल सारखेच, मग स्वस्तातला का नको? त्याच झटक्यात पीएस४ ही विकून मोकळा झालो.

आता 'ब्लडबोर्न' हा पीएस४ चा गेम पुन्हा खेळायची हुक्की आलीये. डिस्क हातात आहे आणि तोच गेम स्टोअरवर पुन्हा विकत घ्यायचा, हे जिवावर येतं. त्यात डिस्क खेळून झाली की विकता येते, मित्राशी अदलाबदल होते. डाउनलोड केलेला गेम खात्यालाच चिकटलेला. कंटाळा आला तरी त्याचं काही करता येत नाही.

तसा हा माझा पहिला पराक्रम नव्हे. टॅब्लेटसारख्या कंट्रोलरवर भाळून निन्टेंडोचा वी यू कन्सोल घेतला होता. त्यावर जीव ओतून खेळलेला 'मारिओ कार्ट ८' २०१७ मध्ये सगळे वाढीव ट्रॅक धरून निन्टेंडोच्याच पुढच्या कन्सोलवर, स्विचवर, आला, आणि २०२३ च्या मार्चमध्ये वी यूचं ऑनलाइन दुकानच बंद झालं. व्हिटाचं (सोनीच्या हातात धरून खेळायच्या कन्सोलचं) तर विचारूच नका. तिला साधं मायक्रोएसडी चालत नाही, तिचंच वेगळं मेमरी कार्ड लागतं, हे खोकं उघडल्यावर कळलं.

तर जाणकारांना विचारायचंय: या पीएस५ ला बाहेरून ड्राइव्ह लावायची काही सोय आहे का? की हा विकून ड्राइव्हवाला घेऊ? तसं केलं तर सेव्हचं (गेममध्ये जपून ठेवलेल्या प्रगतीचं) काय होतं? (कृपया 'एक्सबॉक्स घे' सांगू नका, विकत घेतलेले सगळे गेम या खात्यावर आहेत.)

प्रतिसाद १
तुमच्या मॉडेलला ड्राइव्ह लागत नाही, विषय संपला. यूएसबीचा ब्लू-रे ड्राइव्ह जोडूनही उपयोग नाही. नंतर जोडता येणारा ड्राइव्ह २०२३ च्या अखेरीस आलेल्या पीएस५ स्लिम या लहान मॉडेलपासून सुरू झाला, आणि तोही पहिल्यांदा बसवताना कन्सोल इंटरनेटला जोडलेला लागतो. घेतलेल्या गेमची काळजी नको, नव्या कन्सोलवर लॉगिन केलं की परत डाउनलोड होतात. सेव्हची मात्र गोम आहे. पीएस४ च्या गेमचे सेव्ह पेनड्राइव्हवर घेता येतात, पीएस५ च्या गेमचे नाही. त्यांना एक तर प्लेस्टेशन प्लस या सशुल्क सदस्यत्वाचं क्लाउड लागतं, नाहीतर दोन्ही कन्सोल एकाच नेटवर्कवर ठेवून डेटा ट्रान्सफर करावा लागतो. म्हणून नवा हातात येईपर्यंत जुना विकू नका.

प्रतिसाद २
एवढा खटाटोप कशाला? त्या खोक्यातल्या किती डिस्क तुम्ही खरंच पुन्हा लावणार आहात ते आधी बघा. 'ब्लडबोर्न'ला पीएस५ साठी वेगळा पॅच (सुधारणा करणारं अपडेट) आलेलाच नाही, तिथेही सेकंदाला ३० फ्रेमच मिळतात. त्यासाठी नवा पीएस५ घेणं मला तरी पटत नाही. सेकंडहँड पीएस४ बघा. घेताना आपलीच एखादी डिस्क सोबत न्या, घालून गेम सुरू होतो का आणि डिस्क नीट बाहेर येते का ते तिथेच तपासा. थोडा वेळ गेम चालू ठेवून पंख्याचा आवाजही ऐका.

धागाकर्ता
दोघांचे आभार. प्लस कधीच बंद केलंय, म्हणजे सेव्ह हलवायला दोन्ही कन्सोल एकदम घरात हवेत. त्यापेक्षा पीएस४ बरा वाटतोय. खोकं उपसलं तर पुन्हा खेळण्यासारख्या जेमतेम चार-पाच डिस्क निघाल्या, बाकी सगळे दर वर्षीचे फुटबॉल. आता शेवटचं: पीएस४ स्लिम (लहान मॉडेल) बघू की प्रो (४के साठीचं जास्त ताकदीचं मॉडेल)? माझा टीव्ही ४के नाही, आणि प्रोचा पंखा फार ओरडतो असं ऐकून आहे. कुणी दोन्ही वापरलेत का?