घायपाताच्या पेंढ्या भिजत घातल्या आणि तळ्यातले मासे मेले, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही माण तालुक्यातले, जिल्हा सातारा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आधीच वातावरण तापलंय.

आमच्या घरचा धंदा दोर वळायचा, आजोबांपासून. बेंदराच्या आधी महिना-दीड महिना सगळं घर त्यातच असतं, कासरे, दावी, म्होरक्या, गोंडे. बांधावरच्या घायपाताची पाती कापायची, कडेचे काटे तासायचे, ठेचायची आणि पेंढ्या बांधून पाझर तलावाच्या कडेला पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायची, मग पंधरा-वीस दिवसात कुजली की धोपटून धुतली की पांढरा वाख मोकळा होतो. इतकी वर्षं हेच चाललंय, कधी काही झालं नाही.

यंदा तळं पार आटलेलं, एका अंगाला मांडीएवढं पाणी, आणि ऑर्डर नेमकी जास्त होती कारण नायलॉनच्या दाव्यानं जनावराची मान सोलते म्हणून काही लोक परत वाखाकडे वळलेत, त्यामुळं आम्ही पेंढ्या दुप्पट घातल्या. नवव्या दिवशी वडील पहाटे गेले तर मासे वर येऊन नुसती तोंडं उघडझाप करत होते. दिवस वर येईपर्यंत रोहू, कटला सगळे पांढरी पोटं वर करून. मरळ आणि मागूर मात्र जिवंत आहेत, हे मी स्वतः बघितलं. पाणी कोऱ्या चहासारखं झालंय, पेंढी हलवली की बुडबुडे येतात आणि नासक्या अंड्यासारखा वास, कडेला रिठ्यासारखा फेस.

ज्यांनी मासे सोडले होते ते भरपाई मागतायत, त्यांचंही नुकसान झालंय, त्यांना मी काय बोलू. पण वडिलांनी दोन दिवस धड जेवण केलं नाही, सारखं म्हणतात आपल्या हातनं पाप झालं. गावाची जनावरं त्याच पाण्यावर आहेत. खरंच आमच्यामुळं झालं का, आत्ता लगेच काय करू, आणि पुढं हा धंदा तळं न नासवता करता येईल का? कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १ (मिरज)

दादा, मी मत्स्यशेतीचं काम करते. तुम्ही मरळ-मागूरचं लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण हे दोन्ही मासे वर येऊन हवेतनं श्वास घेऊ शकतात, रोहू-कटल्याला ते जमत नाही. म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन संपला हे जवळपास नक्की. पाती कुजवतात ते बॅक्टेरिया, धागा धरून ठेवणारं पेक्टिन खातात आणि ते करताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात. 30 डिग्रीच्या पाण्यात मुळात लिटरला साधारण 7.5 मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो, रात्री शेवाळही तोच वापरतं, त्यामुळं पहाटे सगळ्यात कमी. दरवर्षी पाणी भरपूर असायचं म्हणून निभावून जायचं. आणि तो फेस सॅपोनिनचा, रिठ्यात असतं तेच घायपाताच्या रसात असतं, माशांच्या कल्ल्यांना ते बाधतं. ऑक्सिजन आधीच कमी, त्यात हे.

आत्ता असं करा. पेंढ्या आजच काढा पण हळू, तळाचा काळा गाळ ढवळू नका, त्यात विषारी वायू दबलेला असतो. मेलेले मासे तळ्यापासून लांब पुरा. मोटर लावून वरच्या थराचं पाणी फवाऱ्यासारखं परत तळ्यातच सोडा, मुख्य म्हणजे रात्री आणि पहाटे. जनावरांना दुसरीकडचं पाणी पाजा. तपासणी करायची तर ऑक्सिजन जागेवरच मोजावा लागतो, बाटली भरून घरी नेली तर आकडा चुकतो.

प्रतिसाद २ (कवठेमहांकाळ)

भाऊ, वडिलांना सांगा हे एकट्या तुमच्यावर आलेलं नाही. केरळात काथ्यासाठी नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन्महिने कुजवतात, तिथंही हाच वास आणि तिथंही मासे कमी झाले. युरोपात तर सम्राट दुसरा फ्रेडरिक यानं 1231 सालीच गावाजवळच्या पाण्यात धाग्याची झाडं भिजत घालायला बंदी केली होती. तिकडच्या काही तळ्यांच्या गाळात त्या झाडांचे परागकण अजून सापडतात, त्यावरनं कुठल्या काळात कुजवण चालायची ते कळतं. म्हणजे तळं लवकर विसरत नाही.

पुढचं म्हणाल तर घायपाताला कुजवायची गरजच नाही. ताज्या पात्याचा गर खरवडून काढणारं मशीन असतं, वाख तासाभरात हातात. फक्त 10 किलो पात्याला वाख निघतो जेमतेम 400 ग्रॅम, बाकी सगळा चोथा आणि रस, तो ओढ्यात सोडला तर परत तेच. चोथा खड्ड्यात शेणाबरोबर कुजवा. रस अंगावर उडाला की आग होते, हातमोजे घाला. अंबाडीचं असेल तर अख्खी काडी न भिजवता नुसती साल सोलून भिजवा, पाणी कितीतरी कमी लागतं.

मूळ धागाकर्ता

ताई, भाऊ, तुमचं लिहिलेलं वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मरळ का वाचली ते ऐकल्यावर ते पहिल्यांदा नीट बोलले. काल दुपारपर्यंत सगळ्या पेंढ्या बाहेर काढल्या, चुलत्यांची मोटर आणून रात्रभर पाणी उडवलं, मासेवाल्यांची दोन पोरंही जागायला आली. आज पहाटे वर तोंड काढलेला एकही मासा दिसला नाही, वास अजून आहे.

मशीन एकदम झेपणार नाही. तोवर परड्यात खड्डा काढून शेततळ्याचा कागद अंथरून त्यात भिजत घालायचं ठरतंय. त्यातलं काळं पाणी नंतर शेतात सोडलं तर चालेल का, किती पातळ करून, कुठल्या पिकाला नको? आणि पाऊस पडून तळं भरल्यावर मासे लगेच सोडावेत की थांबावं? मासेवाल्यांना आधी हेच विचारून सांगतो म्हणालोय.