ड्यूटी दर आठवड्याला बदलते, व्यायामाचे आणि विश्रांतीचे दिवस कसे लावू?

पाळीवाली: मी नर्स आहे. सकाळ, दुपार, रात्र अशी पाळी फिरत असते. घरी दोन शाळकरी मुलं. जिममध्ये सहा दिवसांचं वेळापत्रक मिळालंय: सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी पाय, मग खांदे, हात, पोट. रविवारी सुट्टी. सोमवार-मंगळवार जमतात, बुधवारी हमखास काहीतरी आडवं येतं. त्यामुळे पायांचा व्यायाम आठवडेच्या आठवडे राहून जातो, आणि पेशंटला कुशीवर वळवायला, उठवून बसवायला मला पाय-कंबरेचीच ताकद हवी असते. आठवड्यातून तीनदा तासभर निघतो, कधी दोनदाच. बुडालेला दिवस रविवारी भरून काढू का? रात्रपाळीच्या आठवड्यात काय करू?

लोखंडी वही: ताई, ते सहा दिवसांचं वेळापत्रक सोडा. त्यात प्रत्येक स्नायूची पाळी आठवड्यातून एकदाच येते, म्हणून बुधवार गेला की पाय थेट पुढच्या आठवड्यावर. सगळ्या मोठ्या स्नायूंना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम मिळावा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तुमच्याकडे तीन तास आहेत, ते पुरेसे आहेत.

दोनच वर्कआउट ठेवा, दोन्ही फुल बॉडी, म्हणजे एकाच दिवशी सगळ्या शरीराचा व्यायाम. 'अ' मध्ये स्क्वॉट (वजन घेऊन उठबस), बेंच प्रेस (बाकावर झोपून वजन वर ढकलणं), रोइंग (वजन पोटाकडे ओढणं). 'ब' मध्ये डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), शोल्डर प्रेस (खांद्यापासून डोक्यावर वजन ढकलणं), पुल-डाउन (वरची दांडी छातीकडे ओढणं). प्रत्येकाचे तीन सेट (फेऱ्या), दर सेटमध्ये सहा ते दहा रेप्स (आवर्तनं), आणि अजून दोन रेप्स निघतील असं वाटतंय तिथेच सेट थांबवायचा. वारांचा विचार करू नका. मागच्या वेळी 'अ' झाला असेल तर पुढचा 'ब', मग तो गुरुवारी होवो की शनिवारी. वहीत तारीख, वजन, रेप्स एवढंच लिहा. मग भरून काढण्यासारखं काही उरतच नाही, वर्कआउट फक्त पुढे सरकतो.

दोन वर्कआउटमध्ये एक पूर्ण दिवस मोकळा सोडा. जड व्यायामानंतर साधारण 24 ते 48 तास स्नायूंची बांधणी जास्त वेगाने चालू असते. मधे दोन-तीन दिवस गेले तरी बिघडत नाही, उलट बरेचदा वजन जास्त सहज उचललं जातं.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मी गोदामात काम करतो. ज्या दिवशी गाडीतला माल उतरवतो, तो दिवस मी विश्रांतीत धरत नाही. दुसऱ्या दिवशी डेडलिफ्टची पाळी आली तर उचलायचं वजन कमी घेतो आणि एक सेट कमी करतो. वॉर्डात दिवसभर पेशंट उचलावे लागले असतील तर तुम्हीही तेच करा. कंबर एकच आहे, ती ड्यूटीवर थकली काय आणि जिममध्ये थकली काय.

पहाटेची झोप: मीही बरीच वर्षं फिरत्या पाळीत काढली आहेत. रात्रपाळी संपवून थेट जिमला जाऊ नका. घरी या, झोपा, दुपारी उठून खाऊन मग व्यायाम करा, आणि ड्यूटीवर जाण्याआधी थोडा वेळ हातात राहू द्या. पाळी बदलते त्या दिवशी झोपेची घडी विस्कटलेली असते, तो दिवस मी कायम मोकळा ठेवते. चालणं चालेल, वजन नको.

पाळीवाली: हे जमण्यासारखं आहे. पण मुलांच्या परीक्षा आणि वॉर्डात माणसं कमी, असं एकदम आलं की आठवड्यात एकच दिवस मिळतो. कमावलेली ताकद जाईल का?

लोखंडी वही: नाही जाणार. ताकद कमवायला जेवढा व्यायाम लागतो, त्याच्या बऱ्याच कमी व्यायामात ती टिकते. अट एकच, उचलायचं वजन कमी करायचं नाही, सेट कमी करायचे. त्या एका दिवशी स्क्वॉट, बेंच प्रेस आणि रोइंगचे दोन-दोन सेट करा, वेळ उरला तर डेडलिफ्टचा एक. बेंच आणि रोइंगचे सेट आलटून पालटून घेतले की एकाला विश्रांती मिळते तोवर दुसरा होतो. वॉर्म-अप धरून पाऊण तासात आटोपेल. असे काही आठवडे निघाले तरी काळजी नको. मात्र सलग दोन-तीन आठवडे काहीच झालं नाही, तर परतल्यावर पहिल्या दिवशी वहीतल्या वजनापेक्षा दहा टक्के कमी घ्या, नाहीतर पुढचे दोन दिवस वॉर्डातले जिने चढणं अवघड होईल.