मदत हवी आहे: पैसे भरून जॉईन व्हायचे 'ऑनलाईन कमाई'चे प्रोग्राम घ्यावेत का? भाऊ अडून बसलाय

आंबोळी

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, लांबलं तर समजून घ्या. माझं माहेर देवगड तालुक्यातलं, मी लग्न होऊन रत्नागिरीला. धाकटा भाऊ बी.कॉम. झालाय, गावातच असतो, बाबांबरोबर कलमं बघतो. पण आंब्याचा हंगाम संपला की पुढे वर्षभर काय, हा प्रश्न दरवर्षी उभा असतोच. मुंबईला जायची त्याची इच्छा नाही आणि आईबाबांजवळ कुणीतरी हवं म्हणून आम्हालाही तो गावातच बरा वाटतो.

तर त्याला इन्स्टावर एक रील दिसली, त्यातून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, आणि आता रोज रात्री झूम मीटिंग. घरात रेंज नाही म्हणून हा जेवण अर्धवट टाकून वर सड्यावर (डोंगरावरच्या कातळाच्या माळावर) जाऊन बसतो. याला ते अफिलिएट मार्केटिंग (दुसऱ्याचा माल विकून देऊन कमिशन घ्यायचं) म्हणतात. १२ हजारांचं पॅकेज घ्यायचं, त्यात व्हिडिओ कोर्स मिळतो, आणि मग तेच पॅकेज आपण दुसऱ्याला विकलं की ६० टक्के कमिशन, म्हणजे एका माणसामागे ७,२०० रुपये. दोघं आणले की पैसे वसूल, पुढचा सगळा नफा, असं त्याचं गणित आहे.

गेल्या आठवड्यात गावी गेले तेव्हा मीपण त्याच्याबरोबर सड्यावर बसून मीटिंग बघितली. दीड तासात कोर्समध्ये काय शिकवणार यावर जेमतेम दहा मिनिटं बोलले असतील, बाकी सगळा वेळ कोणी गाडी घेतली, कोणी आईला सोन्याचा हार केला याचे फोटो आणि कमाईचे स्क्रीनशॉट. शेवटी 'ही ऑफर आज रात्री बारापर्यंतच'. ती ऑफर दुसऱ्या दिवशीही होतीच. मला सगळ्यात जास्त खटकलं ते म्हणजे त्याच्या 'मेंटॉर'ने त्याला ओळखीच्या शंभर लोकांची नावं वहीत लिहून काढायला सांगितलीयत, आणि जॉईन झाल्या दिवशीच 'माझं आयुष्य बदललं' असं स्टेटस ठेवायचं म्हणे. अजून एक रुपया कमावला नाही तर बदललं काय? ती वही मी बघितली. पहिलं नाव आमच्या मावशीचं, दुसरं त्याच्या शाळेतल्या मित्राचं जो होडीवर खलाशी आहे. ते बघून पोटात गोळाच आला हो.

सीट बुक करायला ९९९ रुपये त्याने यूपीआयने भरलेत. बाकीचे आंब्याच्या पैशातून मागतोय, ते पैसे पुढच्या फवारणीला ठेवलेत. बाबा काही बोलत नाहीत, आई म्हणते दे बाबा एकदाचे, पोरगा निदान हसतोय तरी.

तुमच्यापैकी कोणाला असल्या प्रोग्राममधून खरंच काही मिळालंय का? नुसतं 'फ्रॉड आहे' म्हटलं तर तो ऐकणार नाही, मला ताई तुला काही कळत नाही म्हणतो. त्याला पटेल असं सांगा.

कातळसडा

ताई, आधी इचारलंस ता बरा केलंस. बाकीचे पैसे अजिबात भरू देऊ नकोस, सविस्तर कोणीतरी लिहीलच.

भरती_ओहोटी

ताई, मी सिंधुदुर्गातच बँकेत आहे, असली प्रकरणं काउंटरवर येतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भावाला एकच विचारा, पैसा येतो कुठून? कोर्स घेऊन बाहेरच्या कोणाचं तरी काम करून पैसा येत असेल तर गोष्ट वेगळी. इथे पुढचा माणूस १२ हजार भरतो त्यातलेच ७,२०० मागच्याला मिळतात, बाहेरून एक पैसा येत नाही. आता तो बी.कॉम. आहे ना, मग त्याच्याकडूनच हिशेब करून घ्या. एकाने दोघं आणले, त्या दोघांनी चार, चाराचे आठ. दहाव्या पायरीला १,०२४ माणसं लागतात, विसाव्या पायरीला साडेदहा लाखाच्या जवळ, आणि सत्ताविसाव्या पायरीला १३ कोटींच्या वर. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. बरं साखळी कुठेही थांबली तरी सगळ्यात खालच्या पायरीवरची माणसं एकूण माणसांच्या निम्म्याहून जास्त असतात, आणि त्यांना कमिशन शून्य. म्हणजे सगळ्यांनी अगदी प्रामाणिकपणे मेहनत केली तरी निम्म्याहून जास्त लोकांचे पूर्ण १२ हजार जाणारच. इथे मेहनतीचा प्रश्नच नाही, आणि हे लोक तर न जमलेल्याला 'तुझा माइंडसेट कमी पडला' म्हणून गप्प करतात.

कायद्याचं म्हणाल तर साखळीने पैसे फिरवण्याच्या योजनांवर १९७८ च्या कायद्यानेच बंदी आहे. शिवाय २०२१ चे डायरेक्ट सेलिंगचे (दुकानाशिवाय थेट गिऱ्हाईकाला माल विकण्याचे) नियम आहेत, त्यात पिरॅमिड स्कीम, म्हणजे माणसाखाली माणसं जोडत जाऊन कमाई करायची योजना, चालवायला मनाई आहे, आणि 'तुम्ही अजून गिऱ्हाईकं आणलीत की तुमचे पैसे वसूल होतील' असं सांगून माल गळ्यात मारायलाही मनाई आहे. 'दोघं आणले की वसूल' हे वाक्य भावाला त्या नियमाशेजारी ठेवून दाखवा. हे लोक म्हणतील आम्ही डायरेक्ट सेलिंग नाही, आम्ही एज्युकेशन कंपनी. मग विचारा, कोर्स घेतला पण कोणालाच विकला नाही तर त्या १२ हजारांतून मला काय आलं? एमएसएमई (लघुउद्योगाचं) सर्टिफिकेट दाखवतात त्यालाही भुलू नका. त्यासाठीची सरकारी उद्यम नोंदणी फुकट असते, आपणच भरलेल्या माहितीवर मिळते, धंदा खरा की खोटा हे त्यातून कळत नाही.

काजूगर

अफिलिएट मार्केटिंग हा प्रकार खोटा नाही हे मात्र त्याला सांगा, नाहीतर तो म्हणेल तुम्हा लोकांना काहीच माहीत नाही. अ‍ॅमेझॉनचा अफिलिएट प्रोग्राम आहे, जॉईन व्हायला एक पैसा लागत नाही, आणि कमिशन वस्तू विकल्यावर मिळतं, माणसं आणल्यावर नाही. यूट्यूबचंही तसंच, जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो, पण त्यासाठी फी कोणी मागत नाही.

माझी मुलगी वेंगुर्ल्यात घरून व्हिडिओ एडिटिंग करते. तिने क्लासला फी भरली होती आणि ती वसूलही झाली, म्हणून पैसे भरून शिकणं वाईट असं मी म्हणणार नाही. पण क्लास संपल्यावर तिच्या हातात एक काम होतं, क्लास विकायचं टार्गेट नव्हतं. आता तारकर्ली आणि भोगवे बाजूच्या होमस्टेवाल्यांचे रील करून देते. सुरवातीचे महिने फार कमी मिळाले हेपण सांगते, पहिल्या महिन्यात लाख वगैरे काही नाही.

सुरमई

अशा ग्रुपमध्ये पुढे शेअर मार्केटच्या टिप्सचं 'प्रीमियम' पॅकेज गळ्यात मारतात, आमच्या वाडीत झालंय, म्हणून आधीच सांगून ठेवते. सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सप्टेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास काढला त्यात तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स (शेअरच्या पुढच्या भावावर लावायचे सौदे) करणाऱ्या साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. सल्ला देणाऱ्याचा सेबीचा नोंदणी नंबर मागायचा आणि सेबीच्या साइटवर स्वतः तपासायचा.

आणि दुसरं, 'तुझं खातं दे, त्यात पैसे येतील, तू पुढे पाठव, कमिशन घे' असं कोणी म्हणालं तर सरळ ब्लॉक. तो पैसा फसवणुकीचा असतो, मग खातं गोठतं आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात.

आंबोळी

सगळ्यांचे मनापासून आभार. भरती_ओहोटी दादा, तुमचा पायऱ्यांचा हिशेब त्याला फोनवर करायला लावला. पंधराव्या पायरीला गप्प झाला, मग म्हणाला पण मी तर वरच्या पायरीवर असेन ना. मी म्हटलं असशील, मग खाली कोण? तुझ्या वहीतली माणसं. मावशीचे १२ हजार तू परत देशील का? त्यावर काही बोलला नाही, पण रात्री मीटिंगलाही गेला नाही असं आईने सांगितलं.

आता दोन प्रश्न. ते ९९९ परत मिळतील का? आणि काजूगर ताई, एडिटिंग शिकायला लॅपटॉप लागतोच का, त्याच्याकडे फक्त मोबाईल आहे.

भरती_ओहोटी

पैसे कंपनीच्या खात्यात गेलेत की कोणा माणसाच्या नावावर ते यूपीआयच्या हिस्ट्रीत आधी बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी रिफंड मागा, फोनवर बोलून उपयोग नाही, आणि ग्रुप सोडायच्या आधी मीटिंगचे मेसेज, ऑफरचे फोटो, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. दिले नाहीत तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार करा. फसवणूकच वाटत असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाईनला फोन, आणि तो उशीर न करता, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत कळवलं तर अडवता येतात. रक्कम छोटी आहे म्हणून सोडून देऊ नका, त्याच नंबरवर तालुक्यातल्या अजून किती पोरांनी भरलेत कोणास ठाऊक.

काजूगर

मोबाईलवर सुरू होतं गं, माझ्या मुलीनेही पहिले काही महिने मोबाईलवरच केलं. यूट्यूबवर मराठीत फुकट शिकवणारे आहेत, आधी महिनाभर तेच बघू दे. बाबांच्या कलमांचेच व्हिडिओ करायला सांग, मोहोर, फवारणी, काढणी, पेटी भरणं, मुंबई-पुण्याची गिऱ्हाईकं असलं आवडीने बघतात आणि पेट्या थेट विकल्या गेल्या तर दलाली वाचते ते वेगळंच. त्याला माझ्या मुलीशी बोलायचं असेल तर मला मेसेज कर, नंबर देते.